दावा झाकून ठेवला

जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेच्या गड्ड्याची वर्दळ ओसरल्यावर, सोलापुरातल्याच एका तरुण अभियंत्याच्या पेटंट अर्जावर आलेला परीक्षण अहवाल मी वाचायला घेतला. टीव्हीच्या जुन्या पाल पद्धतीच्या चित्रीकरणात सेकंदाला २५ चित्रे असतात, परंतु प्रत्येक चित्राच्या विषम आणि सम ओळी सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या अंतराने टिपलेल्या असल्यामुळे हलत्या वस्तूच्या कडेला फणीसारखे दात दिसतात. नमुन्यादाखल त्याने नंदीध्वजांच्या, म्हणजे यात्रेतल्या मानाच्या उंच काठ्यांच्या, मिरवणुकीची जुनी फीत दिली होती. झुलणाऱ्या काठीच्या दोन्ही कडा तशाच करवतलेल्या दिसत होत्या. प्रत्येक बिंदूपाशी हालचाल मोजावी, बिंदू स्थिर असेल तर दोन्ही फील्डच्या, म्हणजे विषम आणि सम ओळींच्या अर्ध्या चित्रांच्या, ओळी एकत्र गुंफाव्यात, हलता असेल तर गाळलेली ओळ वरच्या-खालच्या ओळींवरून भरावी, हा त्याचा पहिला दावा, म्हणजे ज्यावर त्याला पेटंटचा हक्क हवा होता तो पहिला मुद्दा, होता.

हे कुणालाही सहज सुचण्याजोगे आहे, म्हणून पेटंट देता येत नाही, असे दाखवायला परीक्षकाने दोन जुने दस्तऐवज पुढे केले होते. पहिल्यात हीच निवड संपूर्ण चित्रासाठी एकदम होत होती, तर दुसऱ्यात चित्रातला खरखरीतपणा घालवण्यासाठी बिंदूगणिक हालचाल मोजली जात होती. वाचता वाचता मला ते पटत गेले, आणि त्यामुळेच मी सावध झालो, कारण उत्तर ठाऊक असलेल्याला दोन कागद जोडणे सोपेच वाटते. १९७८ च्या बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेली कसोटी त्या विषयातल्या जाणकाराला शोध सहज सुचला असता का, ही आहे, आणि त्या जाणकाराला पेटंटमधला शोध ठाऊक नसतो. म्हणून मी दावे फायलीखाली झाकले आणि केवळ पहिला दस्तऐवज व काठीचे ते दात समोर ठेवून, आपण काय केले असते ते वहीत लिहू लागलो.

अर्ध्या तासात मी बिंदूगणिक निवडीपर्यंत पोहोचलो. पहिला दावा सहज सुचण्याजोगाच होता, हे मला मनापासून वाईट वाटूनही मान्य करावे लागले.

तिसरा दावा मात्र वहीत कुठेच आला नाही. एकदा हलता ठरलेला बिंदू पुढची काही फील्ड हलताच धरायचा, म्हणजे झुलून परत जागेवर आलेली काठी चुकून स्थिर ठरत नाही, असे त्यात म्हटले होते. दुसरा दस्तऐवज तर हालचालीची नोंद ताबडतोब पुसायला सांगत होता, कारण तिथे खरखरीतपणा घालवणारी लागोपाठच्या चित्रांची सरासरी लवकर पुन्हा सुरू करायची असते. तो वाचणारा जाणकार उलट दिशेनेच गेला असता.

मी अभियंत्याला फोन करून पहिल्या दाव्यात तिसरा मिसळण्याचा सल्ला दिला.

"सर, म्हणजे व्याप्ती कमी होणार?"

"होणार. पण उरेल ते टिकेल."

थोडा वेळ तो बोलला नाही. मग नोंद किती फील्ड धरायची याचे मोजमाप संध्याकाळपर्यंत पाठवतो म्हणाला.