डोंबिवली ते ठाणे, स्लो

जूनमध्ये सासूबाई बाथरूमच्या दारात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन, नऊ दिवस हॉस्पिटल, मग वॉकरसकट घरी. दुसऱ्याच दिवशी फिजिओथेरपीवाली मुलगी आली. "हातांची, जरा उंच खुर्ची आहे का? या बुटक्या सोफ्यावर बसवू नका." मी म्हटलं, "नाही गं, आणावी लागेल."

ती गेल्यावर पलंगावरून आवाज आला, "अगं, ह्यांची सागवानी खुर्ची काय झाली?"

ह्यांची म्हणजे सासऱ्यांची. कुठे जाणार? बेडरूमच्या कोपऱ्यातच होती. फक्त तिच्यावर दोन महिन्यांचे कपडे होते. ढीग मला रोज दिसत होता, खुर्ची दिसत नव्हती.

आमचं घर वन बीएचके, माणसं चार. त्यात पावसाळा. कपडे दारांवर, पंख्याखालच्या दोरीवर, वाळले तरी कुबट वास जाईना. ओट्यावर औषधांच्या पट्ट्या आणि मिक्सर शेजारी शेजारी. एक्स-रे गादीखाली. मेडिक्लेमला मूळ बिलं लागतात, आणि त्यातलं एक बिल रेशनच्या पिशवीत सापडलं. संध्याकाळी ऑफिसमधून आल्यावर मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायचे आणि तशीच मागे फिरून पलंगाच्या कडेवर मोबाईल घेऊन बसायचे. त्यात एकसारख्या काचेच्या बरण्यांचे व्हिडिओ. त्या बायकांच्या घरात कुणी आजारी पडत नाही वाटतं.

घर आवरायचं म्हटलं की हातपाय गळायचे. पण त्या मुलीने दुसरंही एक सांगितलं होतं: वॉकर जाईल एवढी वाट मोकळी ठेवा. पलंग ते संडास. मोजली, अकरा पावलं. त्या अकरा पावलांत दोन पायपुसणी (सासूबाई ज्यावरून घसरल्या तेही), चार्जरची वायर, डायपरचं खोकं, रद्दी आणि चिरंजीवांचं दप्तर. पहिल्या दिवशी एवढंच हलवलं. खुर्चीवरचे कपडे चादरीत बांधून गाठोडं पलंगाखाली ढकललं. हो, ढकललं. खुर्ची हवी होती, घड्या नव्हत्या.

पुढचं मात्र ट्रेनमध्ये सुचलं. डोंबिवलीहून स्लो लोकलने ठाणं साधारण पंचवीस मिनिटं. गाडीत मी तेवढ्यात मेथी निवडते, हिशेब लिहिते, एकदा साडीला फॉलही लावला. घरीच का जमू नये? मग रोज रात्री जेवणं झाली की घरातच एक गाडी पकडायची, मधल्या स्टेशनांसकट. कोपर येईतो सिंकमधली भांडी पाण्यात. दिव्याला ओटा. मुंब्र्याला डाव्या हाताचा खण. कळव्याला कचऱ्याची पिशवी दाराबाहेर. ठाणं आलं की उतरायचं, खण अर्धा राहिला तरी. उतरणंच अवघड गेलं. पहिल्या आठवड्यात एकदा दादरपर्यंत गेले आणि पुढचे दोन दिवस कशालाही हात लावला नाही.

डब्यांच्या खणात तेवीस डबे आणि एकतीस झाकणं निघाली. वरची आठ कोणाची, देव जाणे. ज्यांना जोडी नाही ते सगळं प्लास्टिक सुक्या कचऱ्यात. श्रीखंडाचे डबे टाकताना सासूबाईंना कळू दिलं नाही. रव्याला जाळी धरली होती, तो गेला; नवा आणला तो आधी भाजून मगच बरणीत.

नवरा रोज म्हणायचा, "तू फक्त सांग, मी करतो." अरे, काय राहिलंय ते बघणं, लक्षात ठेवणं, मग तुला सांगणं, तेच तर निम्मं काम! एका रात्री हे जरा वरच्या पट्टीत सांगून झालं. तेव्हापासून रात्रीची भांडी त्याची, पूर्ण त्याची. कढई तो गाळण्यांच्या खणात ठेवतो. मी तोंड आवरते. तेही आवरणंच.

आता सहा आठवडे झाले. माळा तसाच आहे, त्याच्याकडे मी बघतही नाही. मखराचं सामान तिथेच वर असल्यामुळे यंदा गणपती साध्या पाटावर, मागे एक साडी. गाठोडं मात्र सुटलं, माझ्यामुळे नाही. सासूबाईंनी खुर्चीत बसून ते मांडीवर मागवलं आणि चार दुपारींत सगळ्या घड्या घातल्या. सातएक मोजे एकटे राहिले, ते त्या अजून टाकू देत नाहीत.

काल सकाळी घाईत माझा ओला टॉवेल मी खुर्चीच्या पाठीवर टाकला. त्या बसलेल्याच होत्या. म्हणाल्या, "अगं, हा उचल आधी. नाहीतर संध्याकाळपर्यंत मी सापडायची नाही."