चाळीस पैसे

४ जून २०२४ला, लोकसभेच्या निकालाच्या दिवशी, निफ्टी १३७९ पॉइंट पडला हे सगळ्यांना माहीत आहे. त्या दिवशी आमचं ऑफिस वाचलं, हेही नागपुरातल्या बाजारवाल्यांपैकी बऱ्याच जणांना माहीत आहे, कारण सर स्वतःच सांगत फिरतात. पण आदल्या दिवशी, ३ जूनला, सव्वातीन वाजता काय झालं ते ऑर्डर लॉगमध्ये आहे आणि माझ्या डोक्यात आहे. वर्ष उलटलं तरी जात नाहीये, म्हणून लिहितोय.

आमचं काम काय ते लग्नाकार्यात समजावून समजावून थकलो. "कोणता शेअर घेऊ?" हाच प्रश्न. अरे बाबा, आम्ही शेअर घेत नाही. आम्ही हालचाल विकतो. म्हणजे ऑप्शनच्या (ठरलेल्या भावाला घ्यायचा किंवा विकायचा हक्क) भावात लोकांनी भीतीपोटी जेवढी हालचाल धरलेली असते तेवढी बहुतेक वेळा होत नाही, त्या मधल्या फरकावर आमची चूल पेटते. इंडिया व्हिक्स हा बाजाराची भीती मोजणारा आकडा, त्याला १६ने भागा, बाजार दिवसाला साधारण किती टक्के हलेल असं लोकांनी धरलंय ते निघतं (वर्षातले ट्रेडिंगचे दिवस अडीचशेच्या आसपास, त्याचं वर्गमूळ जवळपास १६, बाकी काही जादू नाही). व्हिक्स महिन्याभराचा हिशोब सांगतो, निकालाच्या आठवड्यातले ऑप्शन त्याहून कितीतरी महाग होते, पण टीव्हीवरचे एक्सपर्ट हे सांगत नाहीत, त्यांना बहुतेक माहीतच नसतं.

सरांनी २०१३ला गांधीबागेत काकांच्या कापडाच्या दुकानावरच्या माळ्यावर दोन टर्मिनल टाकून सुरुवात केली. खाली साड्यांचे गठ्ठे, वर कॉल आणि पुट (घ्यायचा हक्क तो कॉल, विकायचा हक्क तो पुट; बाजार चढला की कॉल महागतो, पडला की पुट). २४ ऑगस्ट २०१५ला निफ्टी एका दिवसात जवळपास सहा टक्के पडला तेव्हा माळा विकायची वेळ आली होती म्हणतात. मग २३ मार्च २०२० आला, जवळपास तेरा टक्के, तेव्हा मी होतो. त्या दिवशी सर खुर्चीतून उठलेच नाहीत, पाणी दिलं तेही तसंच राहिलं. त्यानंतर नियम झाला की जे काही विकाल त्याच्या खूप खालचे पुट आणि खूप वरचे कॉल, असे स्वस्त ऑप्शन विकत घेऊनच विकायचं. त्याला आम्ही पंख म्हणतो. दर आठवड्याला पंखांचे पैसे शून्य होतात आणि दर आठवड्याला कोणीतरी कुरकुरतो. नवीन पोट्टा आला की सर त्याला बेरिंग्ज बँकेचा ट्रेडर निक लीसन याची गोष्ट सांगतात. त्यानं जपानच्या निक्केई निर्देशांकावर स्ट्रॅडल (एकाच भावाचे कॉल आणि पुट दोन्ही) विकून ठेवलेले, जानेवारी १९९५मध्ये कोबेला भूकंप झाला आणि दोनशे वर्षांहून जुनी ती बँक दीड महिन्याच्या आत बसली. "त्याच्याकडे पंख नव्हते," असं म्हणून सर चहाचा घोट घेतात. सगळ्यांना पाठ आहे.

आता ३ जून. एक्झिट पोल आलेले, बाजार सकाळीच उडाला, बंद होताना ७३३ पॉइंट वर. व्हिक्स एप्रिलच्या चौथ्या आठवड्यात दहा-अकरा होता तो मे संपेपर्यंत चोवीसच्या वर चढला होता, तो एका दिवसात एकवीसच्या आसपास आला. आम्ही विकलेले कॉल चांगलेच चावत होते. तीन वाजता सर म्हणाले, "खालचे पंख विकून टाक बे, उद्या निकाल लागला की याची माती होऊन रायली. तेवढंच कॉलचं नुकसान भरून निघेल."

खरं सांगतो, मलाही पटलं. रिस्क बघणारा मी, नियम माझ्याच सहीचा, आणि मी मार्जिन (ब्रोकरकडे ठेवायची अनामत) मोजून म्हटलं, पुरतं सर, विका. सगळं गणित बरोबर होतं.

१०,८०० नग विकायचे होते. तेव्हा निफ्टीत एका ऑर्डरला १८०० नगांच्या वर जाता येत नव्हतं, एक्सचेंज ऑर्डर अडवायचं (त्याला फ्रीझ म्हणतात), म्हणजे सहा तुकडे. पहिला लगेच गेला. मग मला सुचलं की घेणारे आहेत तर थोडं ताणून बघू, बाकीचे पाच तुकडे चाळीस पैसे वर लावले. ९००० गुणिले चाळीस पैसे, म्हणजे ३६०० रुपये. तेवढ्यात घरून फोन, कूलरचा पंप बंद पडलाय, नागपूरचा जून, आई घरात एकटी. इलेक्ट्रिशियनला शोधत बसलो आणि साडेतीन वाजले. पाचही ऑर्डर तशाच पडून राहिल्या आणि कॅन्सल झाल्या.

शीटमध्ये लिहिलं. सरांनी शीट बघितली नाही, ते कधीच बघत नाहीत.

४ला सकाळी नऊला सांगितलं, सर, पंख विकल्या गेले नाहीत. सर भडकले. "चाळीस पैशासाठी? काऊन बे?" ओपनलाच काढ म्हणाले. माझं बोट कीबोर्डवर होतं. सव्वानऊला बाजार उघडला तो थोडाच खाली, मग घसरगुंडी सुरू झाली, पुट हलायला लागले. सर म्हणाले, "थांब." एवढाच शब्द. मी थांबलो.

पुढचे तीन तास नीट आठवत नाहीत. निफ्टी २१,२८१पर्यंत गेला, व्हिक्स तीसच्या वर. स्पॅनची, म्हणजे मार्जिन ठरवणारी, फाईल नवीन आली की मार्जिन वाढलेलं. आमच्या दोनपैकी एका ब्रोकरची स्क्रीन मधेच अडकली, त्यांचा फोन कोणी उचलेना, वर्षभर "सर सर" करून मागे लागणारा तो रिलेशनशिपवाला त्या दिवशी कुठे गेला होता देव जाणे. विकलेले पुट आग ओकत होते, आणि खाली आमचे ते पाच तुकडे फुगत होते. भाव शंभर रुपयांनी वाढला की नऊ लाख. कालचे चाळीस पैसे. पोट्टा टेबलाखाली हनुमान चालीसा लावून बसला होता, मी बंद कर म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाजार सावरला, व्हिक्स १९च्या खाली आला आणि आम्ही उरलेलं काढून मोकळे झालो. पार्टनरांना सावजी पार्टी. तिथे सर म्हणाले, "आपण पंख कधीच विकत नाही, हीच आपली शिस्त." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी पण. बोनसमध्ये नवीन कूलर घेतला, हे लिहिताना मला हसू येत नाहीये.

कारण हिशोब जुळत नाही. मी सांगितलेलं काम केलं असतं तर आम्ही बुडालो असतो. हावरटपणा केला म्हणून वाचलो, आणि सरांचं ते "थांब" खरंच होतं, त्याचं श्रेय त्यांचं आहेच. पण ३ तारखेचा निर्णय? तो पुन्हा समोर आला तर मी पुन्हा "विका" म्हणेन का? दिवसातून दोनदा उत्तर बदलतं.

गेल्या महिन्यात नवीन पोरगी जॉइन झाली. गोष्ट ऐकून म्हणाली, "दादा, त्या वेळचा ऑर्डर लॉग शिकायला मिळेल का, ३ आणि ४ दोन्ही?" मी ४चा काढून दिला.