किट कारचा रंग: बोनेट झालं, दरवाजे रांगेत

बॉडी आता पुढच्या नाकापासून डिकीपर्यंत राखाडी प्रायमरमध्ये उभी आहे. बोनेट काढून त्याच्यावर रंगही मारून झाला. दरवाजे आणि मडगार्ड रांगेत आहेत. घरी जुळवलेली गाडी घरीच रंगवायची म्हटलं की सगळ्यांचा पहिला प्रश्न असतो, 'रंग फवारायची गन कुठली घेतली?' गनचं सांगतो, पण नंतर. माझा बहुतेक वेळ फायबरग्लासच्या बॉडीवर आणि दरवाज्यांच्या फटींवर, म्हणजे गॅपवर गेला. रंग चांगला दिसणार की नाही ते तिथेच ठरतं असं माझं ठाम मत आहे.

फायबरची बॉडी साच्यातून निघते ती अंगावर मेण घेऊनच. बॉडी साच्याला चिकटू नये म्हणून लावलेलं हे रिलीज वॅक्स जेलकोटवर, म्हणजे फायबरच्या सगळ्यात वरच्या गुळगुळीत थरावर राहून जातं. अशा बॉडीवर थेट पेपर (सँडपेपर) मारला तर मेण ओरखड्यांत जाऊन बसतं, आणि पुढे त्यावर रंग धरत नाही किंवा फिश आय, म्हणजे रंग बाजूला सरकून गोल खळगे पडतात. म्हणून आधी साबणाचं पाणी, मग वॅक्स-ग्रीज रिमूव्हर, आणि पेपर त्यानंतरच. रिमूव्हरला दोन फडकी लागतात. ओल्या फडक्याने पुसलेला भाग वाळायच्या आत कोरड्या फडक्याने टिपून घ्यायचा. तो तसाच वाळू दिला तर सुटलेलं मेण परत तिथेच बसतं.

धुऊन झाल्यावर गाडी उन्हात उभी केली. रेझिन साच्यातून निघाल्यावरही हळूहळू आकसत असतं आणि उष्णता मिळाली की ते काम लवकर उरकतं. हे आकसणं रंगानंतर झालं, तर आतल्या काचेच्या धाग्यांची वीण वरच्या चकाकीत उमटते. सगळे भाग मात्र बॉडीला बोल्ट लावूनच उन्हात ठेवले. सुटं बोनेट भिंतीला टेकवून तापवलं तर ते जसं वाकेल तसंच पक्कं होईल.

जेलकोटमध्ये बारीक छिद्रं असतातच. प्रायमर ती भरत नाही, नुसता वरून झाकतो. आतली हवा उन्हात फुगली की तिथे फोड येतो. त्यामुळे प्रत्येक छिद्र टोकदार हत्याराने उघडून रुंद केलं आणि मग पुट्टी भरली. ताऱ्यासारख्या तडा असतील तर नुसती पुट्टी पुरत नाही. तडा खालच्या फायबरपर्यंत खरवडायची, शक्य असेल तिथे आतून काचेच्या धाग्यांची मॅट आणि रेझिन यांचा आधार द्यायचा, आणि मग वरून भरायचं.

आता गॅप. दरवाजा आणि बॉडी यांच्यामधली फट मी सगळीकडे 5 मिमी धरली. मोजायला प्लास्टिकची पट्टी घेतली. ती फटीतून वरपासून खालपर्यंत ओढायची. जिथे अडकते तिथे कड घासायची, जिथे डुगडुगते तिथे कडेला पुट्टी चढवायची. प्रायमर, रंग सगळं धरून एका कडेवर साधारण 0.2 मिमी जाडी चढते. फटीला कडा दोन, त्यामुळे 5 मिमीची फट रंगानंतर थोडी आवळलेली दिसते. आधीच घट्ट असलेली फट रंगानंतर घासू लागते आणि कडेचे टवके उडतात.

याहून महत्त्वाचं म्हणजे दरवाज्याचं रबर. गॅप बसवण्याआधी रबर लावलेलं पाहिजे, कुलूपही त्याच्या जागी पाहिजे. रबर दरवाज्याला बाहेर ढकलतं. रबराशिवाय सपाट बसवलेला दरवाजा रबर लावल्यावर बॉडीच्या बाहेर डोकावतो, आणि तोवर रंग झालेला असतो! रबर लावून, दरवाजा बंद करून, पेपर लावलेला लांब, सपाट ब्लॉक दरवाज्यावरून थेट मडगार्डवर असा एका दमात फिरवला. मधली रेषा तुटू नये यासाठी हाच उपाय.

पेपरचा क्रम नेहमीचाच (आकडा मोठा तितका पेपर बारीक): पुट्टीवर 80, 120, 180, आणि तेही कोरडंच, कारण पुट्टी पाणी पिते. प्रायमरवर आधी 320 आणि शेवटी 500 चा वॉटर पेपर. प्रत्येक टप्प्याआधी काळ्या पावडरचा गाइड कोट. ब्लॉक तिरपा, एकदा या बाजूने आणि एकदा त्या बाजूने. काळं जिथे राहतं तिथे खड्डा. जिथे प्रायमर फाटून खालचं दिसतं तिथे उंचवटा, आणि तिथे घासणं लगेच थांबवायचं. तळहाताखाली पातळ फडकं धरून हात फिरवला तर लाट जास्त नीट कळते. करून बघा, उघड्या हातापेक्षा फरक जाणवतो.

रंग सॉलिड पिवळा घेतला, सिंगल स्टेज, म्हणजे वरून वेगळा क्लिअर कोट न लागणारा. मेटॅलिकचा मोह झाला होता, पण सुटे भाग वेगवेगळे मारायचे तर मेटॅलिक नको. त्यातले चमकीचे कण कसे पडले यावर छटा ठरते. गनचं अंतर किंवा हवेचा दाब जरा बदलला की दरवाजा एका छटेचा आणि मडगार्ड दुसऱ्या. सॉलिडला ती भानगड नाही. शिवाय फिकट रंगात लाटा कमी दिसतात आणि बॉडी उन्हात कमी तापते. (1953 साली बनलेल्या पहिल्या 300 शेवरोले कॉर्व्हेट गाड्यांची बॉडी फायबरची होती आणि त्या सगळ्या पांढऱ्या होत्या. काळी किट कार रंगवायला घेणाऱ्याला मी हे आवर्जून सांगतो.) पिवळ्याची एक खोड आहे, तो झाकत नाही. राखाडीवर थेट मारला तर हिरवट, मळका दिसतो आणि कोटावर कोट चढवत बसावं लागतं. म्हणून खाली पांढरा कोट दिला.

गन एचव्हीएलपी आहे, म्हणजे जास्त हवा आणि कमी दाबावर चालणारी. प्रायमरला 1.8 मिमीचा नोझल, रंगाला 1.3. गनपेक्षा कॉम्प्रेसर बघा. टाकी मोठी असून उपयोग नाही, दर मिनिटाला हवा किती देतो ते महत्त्वाचं. हवा कमी पडली की मधेच फवारा जाड होतो. पाणी अडवणारा फिल्टर कॉम्प्रेसरला चिकटून लावू नका. तिथे हवा गरम असते आणि पाणी वाफ होऊन निसटतं. लांब पाइपातून हवा गार झाल्यावर, गनच्या बाजूला लावला की पाणी सापडतं.

बोनेटवर पहिला कोट हलका मारला, दुसरा आणि तिसरा ओला. गन 15 ते 20 सेंमीवर, पृष्ठभागाला समांतर, आणि प्रत्येक पट्टा आधीच्या निम्म्यावर. ट्रिगर कडेच्या बाहेरच दाबायचा आणि बाहेरच सोडायचा. दिवा बोनेटच्या पलीकडे खाली ठेवला होता. तिरप्या उजेडात ओली कड स्पष्ट दिसते. दोन कोटांमध्ये किती थांबायचं ते मास्किंग टेपवर बोट लावून बघायचं. रंगाचा धागा निघाला तर अजून थांबायचं.

एका बाबतीत मात्र तडजोड नको. टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून मारायच्या रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं घातक रसायन असतं, तशा प्रायमरच्याही. त्याने कायमचा दमा जडू शकतो, आणि वास येईपर्यंत ते छातीत गेलेलं असतं. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क, हातमोजे, अंगभर सूट आणि डोळ्यांना संरक्षण नसेल तर टू-के घरी मारू नका. घासण्यापर्यंतचं सगळं स्वतः करा आणि फवारणी बूथमध्ये करून घ्या. गाडी तरीही तुम्हीच रंगवलेली असेल, कारण गनचं काम त्यातलं सगळ्यात थोडं.

बोनेटवर थोडी ऑरेंज पील, म्हणजे संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा आहे. ती आत्ता काढणार नाही. दरवाजे आणि मडगार्ड रंगून कडक झाले की सगळं एकत्र 1500 ने, मग 2000 ने घासून पॉलिश करेन, म्हणजे चकाकी एकसारखी येईल. कडांवर टेप लावूनच, कारण तिथे रंग पटकन कापला जातो. तोवर दरवाजे उभे टांगण्यासाठी बिजागरीच्या भोकांत बसेल असा स्टँड वेल्ड करतोय.