'स्पेलबाउंड'ची फोड

हल्ली वडापावही 'मेस्मरायझिंग', म्हणजे मोहिनी घालणारा असतो. नातीच्या मोबाइलवर असलं काही वाचलं की आमचे दहावीचे इंग्रजीचे सर आठवतात. लिहिणाऱ्याचा त्यांनी कानच धरला असता.

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून. गिरगावातल्या चाळींमधली आम्ही मुलं, घरी इंग्रजीचा गंध नाही. 'स्पेलबाउंड म्हणजे मंत्रमुग्ध' एवढं गाइडातून घोकलं की आमचं भागायचं. सरांचं भागत नसे. त्यांनी फळ्यावर तो शब्द लिहिला आणि मधोमध खडूची उभी रेघ मारली. 'स्पेल' म्हणजे जुन्या इंग्रजीत बोलणं, गोष्ट. मंत्र हा अर्थ मागाहून चिकटला. 'बाउंड' म्हणजे बांधलेला. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, मग विरार-बाउंड लोकल?" वर्ग खो खो हसला. सर शांतपणे म्हणाले, "ते बाउंड निराळ्या कुळातलं. निघायच्या तयारीत असलेला, असा त्याचा मूळ अर्थ."

मग वापर. 'सॅट स्पेलबाउंड', 'हेल्ड अस स्पेलबाउंड' अशी त्याची नेहमीची सोबत. त्याच्याआधी 'व्हेरी' लावायचं नाही. बांधलेला तो बांधलेलाच, त्यात कमी-जास्त काय? उदाहरण मात्र अगदी हाकेच्या अंतरावरचं. केशवजी नाईकांच्या चाळीत 1893पासून सार्वजनिक गणपती बसतो. तिथे व्याख्यान रंगलंय, सतरंजीवरच्या माणसाच्या पायाला मुंग्या आल्यात, पण मांडी बदलायचं त्याला सुचत नाही. तो स्पेलबाउंड. चांगला वडा खाल्लेला माणूस नव्हे, कारण वडा बोलत नाही!

'मेस्मराइज' हे तर एका डॉक्टरचं नाव. फ्रान्झ मेस्मर शरीरातल्या चुंबकीय प्रवाहाच्या जोरावर रोग बरे करतो म्हणायचा. 1784 साली फ्रान्सच्या राजाने नेमलेल्या समितीने असा प्रवाह नसल्याचा निर्वाळा दिला. समितीत अमेरिकन शास्त्रज्ञ बेंजामिन फ्रँकलिनही होते. डॉक्टरचा दावा बुडाला, नावाचं क्रियापद तेवढं उरलं.

आम्हाला सगळ्यात आवडला तो 'ग्लॅमर'. स्कॉटलंडच्या बोलीत 'ग्रामर'चाच झालेला हा अपभ्रंश, आणि अर्थ जादूटोणा. शिकलेल्या माणसाला जादू येते असा लोकांचा समज. हे ऐकून मागच्या बाकांनी व्याकरणाचं पुस्तक आपणहून उघडलं, घंटा होईपर्यंत.

सहामाहीत 'स्पेलबाउंड'चा वाक्यात उपयोग विचारला, तेव्हा निम्म्या वर्गाच्या पेपरात केशवजी नाईकांच्या चाळीतला गणपती होता. सरांनी सगळ्यांना पूर्ण मार्क दिले.