अपघाताच्या दाव्यांची वकिली: डाव डॉक्टरच्या साक्षीत फिरतो

मोटार अपघात न्यायाधिकरणात वकिली करायची असेल, तर युक्तिवादाआधी हॉस्पिटलचे कागद वाचायला शिकावं. कॅज्युअल्टीच्या एमएलसीत (पोलिसांच्या कामासाठी हॉस्पिटल करतं ती मेडिको-लीगल नोंद) 'हिस्टरी', म्हणजे दुखापत कशी झाली, म्हणून एक ओळ असते. घाबरलेल्या नातेवाइकाने "गाडीवरून पडला" एवढंच सांगितलेलं असतं आणि ड्युटीवरच्या डॉक्टरने तेच उतरवलेलं असतं. पुढे इन्शुरन्स कंपनीचा वकील उलटतपासात नेमका तोच कागद काढतो: धडक झालीच नाही, दुसरी गाडी मागाहून घुसवली. त्यात फिर्याद उशिरा आणि गाडीचा नंबर गायब, मग विचारायलाच नको. म्हणून वकीलपत्र घेतानाच फिर्याद, घटनास्थळाचा पंचनामा, एमएलसी आणि डिस्चार्ज कार्ड शेजारी ठेवून तारीख, वेळ, नंबर ताडून बघायचे.

भरपाईचा अर्ज मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली. अपघात झाला तिथे, अर्जदार राहतो किंवा धंदा करतो तिथे, नाहीतर सामनेवाला राहतो तिथे दाखल करता येतो. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या तरतुदीने त्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. तिला आव्हान दिलं गेलंय, पण त्या भरवशावर फाइल कपाटात ठेवू नये.

खरा पैसा ठरतो तो अपंगत्वाच्या टक्क्यावर. दाखल्यावर ४० टक्के लिहिलंय, पण ते एका पायाचं की सगळ्या शरीराचं? हा प्रश्न आपण नाही विचारला तर समोरचा विचारतो, आणि डॉक्टर निमूटपणे आकडा खाली आणतो. राजकुमार विरुद्ध अजयकुमार (२०११) या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने सांगितलं, की बघायचं ते कमाईची क्षमता किती गेली. हात गेलेल्या ड्रायव्हरचं नुकसान जवळपास शंभर टक्के धरता येतं, कारकुनाचं तेवढं नाही. म्हणून शक्यतो उपचार करणाराच डॉक्टर साक्षीला आणायचा. दाखले वाटत सुटणारे डॉक्टर कोर्टालाही पाठ असतात. सांधा किती वाकतो, प्लेट अजून आत आहे का, मांडी घालून बसता येतं का, क्लच दाबता येतो का, हे सरतपासातच (आपण आपल्या साक्षीदाराला आधी विचारतो त्यात) यायला हवं.

फरक केवढा पडतो बघा. वय ३२, स्वतःचा टेम्पो, महिना २०,००० रुपये. सुप्रीम कोर्टाच्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के धरून २८,०००, वर्षाचे ३,३६,०००. सुप्रीम कोर्टाच्याच सरला वर्मा निकालातल्या तक्त्यात ३१ ते ३५ वयाला गुणक (वर्षाच्या कमाईला ज्याने गुणायचं तो आकडा) १६, म्हणजे ५३,७६,०००. कमाईची हानी ४० टक्के धरली तर २१,५०,४००. १५ टक्के धरली तर ८,०६,४००. उपचाराचा खर्च आणि वेदनेची भरपाई वेगळी. (जखमीच्या दाव्यात वैयक्तिक खर्चाची वजावट नसते; मृत्यूच्या दाव्यातली एकतृतीयांश वजावट सवयीने इथे करणारे अजून भेटतात.)

उत्पन्नासाठी अपघाताआधीची रिटर्न, बँक पासबुक, टेम्पोच्या कर्जाचे हप्ते. अपघातानंतर घाईने भरलेलं रिटर्न उलट अंगाशी येतं.

फीचं म्हणाल, तर अमेरिकेतल्यासारखा भरपाईत वाटा ठरवायला बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत बंदी आहे. चालतं काय ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण रक्कम अर्जदाराच्या खात्यात जाते, बराच भाग एफडीत अडकतो, आणि तोंडी ठरलेल्या टक्क्यांवरून पक्षकाराशी भांडण जुंपतं. फी ठरावीक असावी, टप्प्याटप्प्याने घ्यावी आणि पहिल्याच दिवशी कागदावर आणावी.