कमानीपेक्षा मुरूम टाका

मी पी.टी.चा मास्तर झालो ह्याचं शाळेतल्या आमच्या बॅचमधल्या कोणालाच नवल वाटलं नाही, गणिताच्या सरांना तर अजिबातच नाही. सध्या यवतमाळ जिल्ह्यात एका हायस्कूलवर आहे. कबड्डी, खो-खो, रनिंग सगळंच घेतो, पण खरं आवडीचं काम म्हणजे पोट्ट्यांच्या अंगात ताकद आणणं.

शाळेच्या महोत्सवाची स्मरणिका आहे म्हणून विचारतो, आपल्या शाळेचं ग्राउंड आठवतं ना? दर्यापूरकडची काळी माती, पावसात बुटाला लोंबणार अन् उन्हाळ्यात पाय मुरगळेल अशा भेगा. म्हणून आपले पी.टी.चे सर पावसाळाभर ग्राउंडवर उतरूच द्यायचे नाहीत, व्हरांड्यात जोर-बैठका. "सर, कबड्डी कवा?" म्हटलं की, "आधी धा बैठका नीट घाल लेका, मंग पाहू." टाच उचलली की मोजणी पुन्हा एकपासून, आपण मनातल्या मनात शिव्या घालायचो. पुढे बी.पी.एड.ला, म्हणजे पी.टी. मास्तरच्या कोर्सला, अमरावतीच्या हव्याप्र (हनुमान व्यायाम प्रसारक) मंडळात गेलो तेव्हा समजलं की सरांचं हे वळण तिथलंच. १९१४ ला वैद्य बंधूंनी काढलेली संस्था, १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथली टीम आपले देशी खेळ दाखवून आली होती, सर हे सांगायचे तेव्हा आम्हाला वाटायचं गप्पा ठोकून राह्यले.

सरांनी कारण कधी सांगितलं नाही, मला मात्र सांगावं लागतं कारण आताची पोरं मोबाईलवर बायसेप पाहून येतात. नवीन पोराची ताकद पहिल्या काही आठवड्यात वाढते ती दंड फुगून नाही, मेंदू अन् नसा स्नायूला नीट कामाला लावायला शिकतात म्हणून. त्यामुळे सुरुवातीला वजन कमी अन् पद्धत पक्की, चुकीची बैठक शंभरदा घातली तर चुकीचंच पक्कं होते. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात, जिना उतरताना पोरं रडतात, दोन-तीन दिवसात जाते ते, त्याला घाबरायचं नाही. सांधा दुखला तर मात्र लगेच थांबायचं.

पालकांचं एक ठरलेलं असते. "सर, पोट्ट्याले वजन नोका उचलू देऊ, ठेंगना राहीन." मी विचारतो, काका, वावरात युरियाची ४५ किलोची बॅग कोण उचलते? हाच तर पोट्टा! नजरेखाली, झेपेल तेवढं वजन उचलल्यानं उंची थांबते ह्याला काही पुरावा नाही. कोणी न शिकवता कमरेतून वाकून बॅग ओढणं, भीती त्याची वाटायला पाहिजे.

म्हणून मी बॅगच शिकवतो. पाच लिटरच्या तेलाच्या कॅनमध्ये रेती भरली की आठेक किलो होते, जुन्या ट्यूबमध्ये भरून दोन्हीकडून बांधली की आणखी सोय. मागच्या हंगामात नववीतली एक पोरगी, कापूस वेचून वेचून कंबर धरलेली, तिला कॅन उचलायला लावला तर पाठ कमानीसारखी वाकली. पाठीवर उभा झाडूचा दांडा ठेवला, डोकं, पाठ अन् माकडहाड तिन्ही दांड्याला टेकलेले पाहिजेत, आता कुल्ले मागे ढकल. दांडा तीनदा सुटला, मैत्रिणी हसल्या, चौथ्यांदा जमलं अन् ती म्हणाली, "सर, हे मायले शिकवतो मी." वेचणीच्या दिवसात अशा पोरींना मी जास्तीच्या बैठका देत नाही, त्यांचा व्यायाम सकाळीच वावरात होऊन गेलेला असतो. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळीसुद्धा मीच समोर उभं राहून खाऊ घालतो, जेवणानंतर, अन् वरून चहा नाही. रक्त कमी असलं तर कोणता व्यायाम घेणार, बाप्पा?

अन् पोलीस भरती! जाहिरात आली की गावात सगळेच पळायला लागतात. मैदानीला पोरांना १६०० मीटर, १०० मीटर अन् ७.२६ किलोचा गोळा, पोरींना ८०० मीटर, १०० मीटर अन् ४ किलोचा. दोन महिन्यात डांबरी रोडवर पळून पळून नडगी धरून बसतात अन् गोळा तर हातातच घेतलेला नसतो. अरे ही तयारी आठवीपासूनची आहे, पण आठवीत पी.टी.चा तास गणिताला दिलेला असतो (गणिताचे सर, राग मानू नका, तुम्ही स्मरणिका वाचता म्हणून लिहिलं).

आता महोत्सव समितीला एक विनंती. ग्रुपवर प्रवेशद्वाराच्या कमानीसाठी वर्गणी सुरू आहे असं दिसलं, करा, फोटोला चांगली दिसते. पण त्याआधी ग्राउंडवर मुरूम टाकून रोलर फिरवा अन् एक सिंगल बार, एक डबल बार गाडा. मुरमाचे पैसे मी देतो, ट्रॅक्टर कोणाचा सांगा. मात्र काम मे महिन्यातच उरकायला लागेल, एकदा पाऊस लागला की त्या मातीत ट्रॉली आत जात नाही.