न्यूकासलला रग्बी लीग बघायला: नाईट्सच्या महिला संघाचा उपांत्य सामना

सगळ्यात आधी एक सांगते. ऑस्ट्रेलियातल्या न्यूकासलच्या या मैदानावर जायचं असेल तर ब्रॉडमेडो स्टेशनला उतरा. गाडी न्यूकासलची, संघ न्यूकासलचा, म्हणून आम्ही थेट न्यूकासल इंटरचेंजपर्यंत बसून राहिलो आणि दोन स्टेशनं मागे यावं लागलं. त्यात अर्धा तास गेला. ताईने दोन तास आधी पोचायच्या हिशेबाने घर सोडायला लावलं होतं, म्हणून सामन्याची सुरुवात चुकली नाही.

ही गोष्ट 24 सप्टेंबर 2023 ची, रविवारची. मी तेव्हा दोन महिन्यांसाठी सिडनीला ताईकडे होते, वेस्टमीडला. वेस्टमीड, वेंटवर्थव्हिल, हॅरिस पार्क हा सगळा पट्टा आपल्या लोकांचा. वाण्याच्या दुकानात रांगेत उभं राहिलं की मराठी कानावर पडतंच. खरं तर तिथला घरचा संघ पॅरामॅटा ईल्स. पण भाचीचा जीव न्यूकासल नाईट्सवर. 2022 च्या अंतिम सामन्यात नाईट्सनी ईल्सना 32-12 ने हरवलं, तो सामना तिने टीव्हीवर पाहिला होता. तेव्हा नाईट्सची हाफबॅक, म्हणजे संघाचा खेळ चालवणारी, जेसी साउथवेल फक्त 17 वर्षांची होती. दहा वर्षांच्या मुलीला तेवढं पुरे झालं.

मला ओढ वेगळ्या कारणाची. मी सांगली जिल्ह्यात कॉलेजपासून कबड्डी खेळले, डावा कोपरा. गुडघा गेला तेव्हा थांबले. अंगाला अंग भिडणारा खेळ बायका पगार घेऊन खेळतात आणि त्यांना बघायला गाव लोटतं, हे मला डोळ्यांनी पाहायचं होतं.

थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी, नाहीतर त्या दिवसाची किंमत कळणार नाही. ऑस्ट्रेलियातल्या नॅशनल रग्बी लीगची महिलांची स्पर्धा, म्हणजे एनआरएलडब्ल्यू, 2018 ला सुरू झाली ती चार संघांवर. 2023 ला दहा झाले, 2025 ला बारा. नाईट्सचा महिला संघ आला 2021 च्या हंगामात. कोविडमुळे तो हंगाम पुढे ढकलला आणि 2022 च्या सुरुवातीला खेळवला. त्यात नाईट्स पाचही सामने हरल्या. एकही विजय नाही. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याच संघाने अजिंक्यपद जिंकलं! मधल्या काळात प्रशिक्षक म्हणून रोनाल्ड ग्रिफिथ्स आले आणि ब्रिस्बेन ब्रॉन्कोसकडून मिली बॉइल आणि फुलबॅक, म्हणजे सगळ्यात मागे उभी राहणारी, टॅमिका अप्टन या दोघी आल्या. 2023 ला साखळीत नाईट्स पहिल्या क्रमांकावर राहिल्या, म्हणून उपांत्य सामना त्यांच्या घरच्या मैदानावर. समोर पुन्हा ब्रॉन्कोस, 2018 ते 2020 सलग तीन वर्षं जिंकलेला संघ.

आता प्रवास. वेस्टमीड किंवा पॅरामॅटाहून निघणाऱ्यांनी आधी स्ट्रॅथफील्डला यावं आणि तिथे सेंट्रल कोस्ट अँड न्यूकासल लाइनची गाडी पकडावी. उगाच सेंट्रलपर्यंत, म्हणजे सिडनीच्या मुख्य स्टेशनापर्यंत, जाऊ नका. सेंट्रलहून न्यूकासलला साधारण अडीच ते पावणेतीन तास लागतात. ओपल कार्ड, म्हणजे तिथलं प्रवासाचं कार्ड, नसेल तर बँकेचं कार्ड टेकवलं तरी चालतं, फक्त चढताना आणि उतरताना तेच कार्ड टेकवा. शुक्रवार ते रविवार दिवसभराच्या भाड्याची कमाल मर्यादा इतर दिवसांच्या जवळजवळ निम्मी असते, त्यामुळे इतक्या लांबचं जाणं-येणंही स्वस्तात होतं. पण वीकेंडला रुळांची कामं काढतात आणि मग मधल्या टप्प्यात रेल्वेऐवजी बस असते. म्हणून आदल्या रात्री अॅपवर बघाच. बस असेल तर किमान एक तास जास्तीचा धरा.

हॉक्सबरी नदीचा पूल आला की मोबाइल खाली ठेवा. दोन्हीकडे झाडीने भरलेले डोंगर, खाली संथ, रुंद पाणी, आणि पुढे कितीतरी वेळ रूळ पाण्याच्या काठाने जातात. मध्ये वॉन्डाबाइन नावाचं इवलंसं स्टेशन लागतं. तिथे रस्ताच जात नाही. रेल्वेने नाहीतर होडीने जायचं, किंवा जंगलातल्या पायवाटेने. मला आंबा घाटातला पावसाळा आठवला. ताईने थालीपीठं आणि दह्याची वाटी काढली ती वॉय वॉयच्या आसपास. डबा न्याच, का ते पुढे सांगते.

ब्रॉडमेडोहून मैदान चालत वीस-पंचवीस मिनिटांवर आहे. रस्ता विचारावा लागत नाही, लाल-निळ्या जर्सींच्या मागे चालत राहायचं. मॅकडॉनल्ड जोन्स स्टेडियममध्ये सुमारे 30 हजार माणसं बसतात. तिकीट काढताना एवढंच बघा, दुपारचा सामना असेल तर पश्चिमेची बाजू घ्या. पूर्वेला बसलात तर सगळा वेळ ऊन डोळ्यांवर येतं. आम्ही पूर्वेला होतो आणि उत्तरार्ध हाताचा आडोसा करून पाहिला. टोपी, सनस्क्रीन आणि एक स्वेटर, तिन्ही हवीत. सप्टेंबरमध्ये दुपारी भाजतं आणि ऊन उतरलं की वारा बोचतो. जुलै-ऑगस्टमध्ये जाणार असाल तर चांगलं जाड जॅकेट न्या, तो तिकडचा हिवाळा.

खाण्याचं असं की आत मिळतात मीट पाय, म्हणजे मांसाचं सारण भरून भाजलेले, आणि हॉट चिप्स, म्हणजे बटाट्याचे गरम तळलेले तुकडे. मीट पायमध्ये बहुतेक वेळा बीफ असतं, विचारल्याशिवाय घेऊ नका. चिप्सवर 'चिकन सॉल्ट', म्हणजे मसालेदार मीठ, टाकतात. नुसतं साधं मीठ टाका असं आधीच सांगा, एकदा भुरभुरलं की गेलं. बाहेरचं खाणं आत नेता येतं का, ते तिकिटाबरोबर आलेल्या सूचनांमध्ये वाचा. आम्ही वाचलं नव्हतं, म्हणून डबा गाडीतच संपवला.

खेळ न कळण्याची भीती बाळगू नका. कबड्डी पाहिलेल्या माणसाला रग्बी लीग दहा मिनिटांत कळतो. तेरा-तेरा खेळाडू. चेंडू हाताने पुढे फेकायचा नाही, मागे किंवा बाजूलाच द्यायचा. चेंडूवाली पकडली गेली की उठून तो जमिनीवर ठेवते, पायाने मागे सरकवते आणि खेळ पुन्हा सुरू. अशा सहा पकडी झाल्या की चेंडू समोरच्या संघाचा, म्हणून पाचवीनंतर बहुतेक वेळा लांब किक मारतात. रेषेपलीकडे चेंडू टेकवला की ट्राय, चार गुण. वर खांबांमधून किक घातली की आणखी दोन. महिलांचा सामना 70 मिनिटांचा, पस्तीस-पस्तीसचे दोन भाग.

पण नियमांपेक्षा पकड बघा. पहिल्या काही मिनिटांतच मला कळलं की या मुलींनी हे वर्षानुवर्षं घोटवलेलं आहे. पकडणारी खाली वाकते, डोकं चेंडूवालीच्या पाठीमागच्या बाजूला ठेवते, गाल तिच्या कुल्ल्याला चिकटलेला, हात मांड्यांभोवती, आणि पाय थांबत नाहीत, रेटत राहतात. डोकं पुढच्या बाजूला गेलं तर गुडघा कपाळावर बसतो. आमचे सर मैदानाच्या कडेने ओरडायचे, "डोकं सांभाळ, मग मांडी धर!" तेच. पहिली खाली धरते तोवर दुसरी वरून चेंडू आवळते, तिसरी येऊन आडवं पाडते. आपली साखळीच ती, फक्त हात न धरता. आणि आवाज! टीव्हीवर तो येत नाही. पंचविसाव्या रांगेतसुद्धा दोन खांदे भिडल्याचा धप्प आवाज पोटात जाणवतो. जमलं तर खालच्या रांगांमधली तिकिटं घ्या.

सामना शेवटपर्यंत टांगता राहिला. नाईट्स 30, ब्रॉन्कोस 24. सहा गुणांचं अंतर म्हणजे एक ट्राय आणि एक किक. बरोबरीला तेवढंच पुरतं, त्यामुळे शेवटी ताईने माझा दंड असा आवळला होता की वळ उठले. भाचीचा आवाज बसला.

त्या दिवशी मैदानात बारा हजारांवर माणसं होती. ही संख्या मोठी का, तर स्वतंत्र महिला सामन्याला, म्हणजे पुढेमागे पुरुषांचा सामना जोडलेला नसताना, तोवर कधी इतकी गर्दी झाली नव्हती. नाईट्सचा पुरुष संघ आठवडाभर आधी ऑकलंडला हरून बाहेर पडला होता. म्हणजे त्या रविवारी जे आले ते फक्त या मुलींसाठी आले. माझ्या शेजारच्या आजी 1988 पासून, क्लब सुरू झाल्यापासून येतायत. हे कोळशाचं आणि पोलादाचं गाव. पोलादाचा मोठा कारखाना 1999 ला बंद पडला, कोळशाचं बंदर अजून जगातल्या सगळ्यात मोठ्या बंदरांपैकी एक आहे. आजींचा नवरा कारखान्यात होता. त्या म्हणाल्या, "माझ्या वेळी मुलींना मैदानात संत्र्याच्या फोडी वाटायला बोलवायचे." मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

मला तेव्हा आपल्या मुली आठवल्या. 2012 ला पाटण्यात महिलांचा पहिला कबड्डी विश्वचषक भारताने जिंकला, तेव्हा संघात दीपिका जोसेफ, अभिलाषा म्हात्रे आणि सुवर्णा बारटक्के अशा आपल्या तिघी होत्या. 2014 ला प्रो कबड्डी सुरू झाली, पुरुषांची. 2016 ला तिच्या जोडीने बायकांची तीन संघांची स्पर्धा झाली आणि पुढच्या वर्षी ती झालीच नाही. ऑस्ट्रेलियात चार संघांवर सुरू झालं आणि लोकांनी ते सोडलं नाही. पैसा अजून फार नाही. 2023 ला एका संघाला खेळाडूंवर खर्च करायची मर्यादा 9 लाख ऑस्ट्रेलियन डॉलर होती आणि एका खेळाडूचं किमान मानधन 30 हजार डॉलर. सिडनीकडच्या घरभाड्यात त्यावर वर्ष निघत नाही. बऱ्याच जणी नोकरी सांभाळून सराव करतात. पण त्याच वर्षी झालेल्या करारात त्यांचं मानधन दरवर्षी वाढत जाईल असं ठरलं आणि बाळंतपणाच्या रजेची तरतूदही झाली. कागदावर लिहून मिळालं. एवढं जरी आमच्या वेळी असतं, तर माझ्या संघातल्या चार-पाच जणी लग्नानंतर मैदान सोडून गेल्या नसत्या.

सामना संपला की लगेच उठू नका. माझा हा सल्ला सगळ्यात महत्त्वाचा समजा, मुलं बरोबर असतील तर नक्कीच. खेळाडू कठड्यापाशी येतात आणि बराच वेळ थांबतात. जाड टोकाचा मार्कर आपणच न्या. भाची कठड्याला चिकटून उभी होती. एक उंच फॉरवर्ड, म्हणजे पुढच्या फळीतली खेळाडू, आली, दोन बोटं एकमेकींना पांढऱ्या पट्टीने बांधलेली, पट्टी मातीने तपकिरी झालेली, कानामागे गवताची काडी. मार्कर तिला धड धरता येईना, तर तिने तो मुठीत धरून जर्सीच्या बाहीवर सही केली. मग भाचीला विचारलं, "तू कुठे खेळतेस?" भाची शाळेत टॅग खेळते, म्हणजे अंगाला न भिडता खेळायची रग्बी. ती म्हणाली, "विंगवर. पण मला टॅकल करायचंय." विंग म्हणजे मैदानाची कडा, टॅकल म्हणजे पकड. त्या खेळाडूने हसण्यावारी नेलं नाही. कठड्यावरून वाकून, बांधलेल्या हाताने भाचीचं डोकं अलगद एका बाजूला वळवून दाखवलं. गाल इथे, डोकं मागे.

आमच्या सरांनी मलाही असंच डोकं धरून शिकवलं होतं.

पुढच्या रविवारी अंतिम सामना सिडनीच्या ऑलिम्पिक पार्कला अॅकॉर स्टेडियममध्ये होता. तो आम्ही घरी पाहिला. नाईट्सनी गोल्ड कोस्ट टायटन्सना 24-18 ने हरवून सलग दुसरं अजिंक्यपद घेतलं आणि टॅमिका अप्टन सलग दुसऱ्या वर्षी सामन्यातली सर्वोत्तम ठरली. अंतिम सामन्याला जायचा विचार असेल तर महिलांचा आणि पुरुषांचा, दोन्ही एकाच तिकिटावर असतात, महिलांचा आधी. बऱ्याच खुर्च्या पुरुषांचा सामना जवळ येईपर्यंत रिकाम्या असतात. तुम्ही मात्र लवकर जा. आणि हो, तो दिवस बहुधा ऑक्टोबरचा पहिला रविवार असतो. त्याच पहाटे न्यू साउथ वेल्समधली घड्याळं एक तास पुढे जातात. भिंतीवरच्या घड्याळावर विसंबून निघालात तर एक तास मागे राहाल.

उपांत्य सामना कुठे होणार ते गुणतक्ता पूर्ण झाल्यावरच कळतं, तिकिटं हातात आठवडाभरच असतात. ज्यांना आधीपासून बेत करायचा आहे त्यांनी जुलै ते सप्टेंबरमधला साखळी सामना धरावा. त्यातले काही पुरुषांच्या सामन्याआधी असतात, काही वेगळे. वेगळा मिळाला तर तोच घ्या.

मुक्कामाची सोय असेल तर एक रात्र न्यूकासलला राहा. इंटरचेंजपासून ट्राम थेट समुद्रापर्यंत जाते. तिथून चालत जाता येईल असा बोगी होल आहे, 1819 च्या सुमारास कैद्यांकडून खडकात खोदून घेतलेला समुद्राच्या पाण्याचा तलाव. लाटा मोठ्या असल्या तर आत उतरू नका, काठावरून बघा. क्षितिजावर कोळसा भरायला थांबलेली जहाजं ओळीने दिसतात.

आम्ही राहिलो नाही. परतीच्या गाडीला गर्दी होती, शाळांच्या सुट्ट्या नुकत्याच लागल्या होत्या. ब्रॉडमेडोच्या फलाटावर गाडीची वाट बघताना भाची मला म्हणाली, "मावशी, तू चाल, मी तुला पकडते." मी पर्स ताईकडे दिली आणि चालले. मांडीला धरलं तिने. डोकं मागच्या बाजूला होतं.